पट्ट्याच्या पोटाने सोयरिकीला

पुण्याहून निघताना सुमनताईने गाडीत बसण्याआधी मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा न्याहाळलं आणि काहीही न बोलता दार लावून घेतलं. मला ते खटकलं. माझी ही थोरली बहीण गप्प बसणाऱ्यांतली नाही. माझ्या सदऱ्याची कॉलर मळकी असली तरी तिला त्यावर चार वाक्यं बोलायची असतात. इथे तर सदरा अंगावर पोत्यासारखा लोंबत होता आणि बाई खिडकीबाहेर बघत होती.

मी सारी नोकरी एका विमा कंपनीत दावे तपासण्यात घालवली. जळालेल्या गोडाऊनमध्ये खरंच माल होता का, चोरीला गेलेली गाडी खरंच गेली का, हे जाऊन बघायचं. संशय घेणं हेच माझ्या पोटापाण्याचं साधन होतं. निवृत्त झाल्यावर कंपनीने ओळखपत्र परत घेतलं, स्वभाव काही घेतला नाही. त्यामुळे या प्रवासात मी कोणाकोणाचा संशय घेतला ते वाचून कोणी दचकू नये.

आम्ही निघालो होतो रेणूच्या लग्नासाठी मुलाचं घर बघायला. रेणू ही ताईची एकुलती एक मुलगी. भावजी जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे होकार-नकार मामाने द्यायचा असं घरात ठरलेलं. मुलगा वीरेश, रेणूच्याच ऑफिसातला, सोलापूरकडचा. आमच्यासारखंच गळ्यात लिंग असलेलं लिंगायत घर, फक्त आम्ही पुण्यात राहून कानडी पार विसरलेले आणि ते घरात अर्धं कानडी बोलणारे. दोघांनी आपापसात सगळं ठरवून मग आम्हाला सांगितलं होतं. आदल्या दिवशी रेणूने मला बजावलं, "मामा, त्यांच्याकडे घर बघायला आलेले पाहुणे जेवले की पसंती समजतात. न जेवता उठले तर नकार. तू फक्त नीट जेव. बाकी काही तपासत बसू नकोस."

तपासायचं नाही हे एक वेळ जमलं असतं. नीट जेवणं मात्र मला जमत नव्हतं.

उन्हाळ्यात मी पोटाला पट्टा बसवून घेतला. म्हणजे कमरेचा नव्हे, आतला. पोटाच्या वरच्या भागाला सिलिकॉनचा एक पट्टा आवळतात, त्यामुळे जेवण थोडक्यात आटपतं आणि वजन उतरतं. वजन उतरलंही. पण खाणं मला नव्याने शिकावं लागलं. घास नखाएवढा घ्यायचा, पीठ होईपर्यंत चावायचा, जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवणानंतरही अर्धा तास थांबायचं. एवढं करून एखादा घास अडकला की छातीच्या मधोमध कोणीतरी मूठ आवळल्यासारखं होतं, तोंडाला पाणी सुटतं आणि मोरीकडे पळावं लागतं. हे सगळं फक्त बायकोला ठाऊक होतं. तिला मी शपथ घातली होती. नातेवाइकांना कळलं असतं तर प्रत्येक जण माझ्या ताटात डोकावून बघत बसला असता, आणि ते मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. ऑपरेशनच्या दिवसांत मी म्हैसूरला मित्राकडे गेल्याचं सगळ्यांना सांगितलं होतं.

भिगवणपाशी उजनीचं पाणी दिसायला लागलं. रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, आणि मधूनच केळीचे घड भरलेला एखादा टेम्पो. पाण्याच्या कडेने मोटारींचे पाइप आत उतरलेले. ताईने ते सगळं बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि एकदम म्हणाली, "उद्या पसंत पडलं तर महिन्याभरात उरकून टाकू."

"महिन्याभरात? कार्यालय तरी मिळेल का?"

"दारात मांडव घालू."

पोरीचं लग्न थाटात करायचं म्हणून जिने इतकी वर्षं एकेक दागिना करून ठेवला, ती दारात मांडव घालायला निघाली होती. यात काहीतरी काळंबेरं होतं. रेणूने काही करून ठेवलं की काय, इथपर्यंत माझं डोकं गेलं. विचारायचं धाडस झालं नाही.

टेंभुर्णीच्या अलीकडे एका ढाब्यावर जेवायला थांबलो. ताई समोर बसून माझ्या ताटावर डोळे लावून होती, म्हणून मी वरण आणि मऊसूत गरम पोळी मागवली. आजाऱ्यालासुद्धा चालेल असं जेवण. तिसऱ्या घासाला मूठ आवळली. मी "गाडीला कुलूप लावलं का बघतो," म्हणत उठलो आणि ढाब्यामागच्या बाभळीखाली जाऊन वाकलो. तोंडातून नुसता फेस. शेजारी एक ट्रक ड्रायव्हर दात घासत होता. त्याने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं.

"काय काका, रातची उतरली न्हाय व्हय अजून?"

मी तोंड पुसलं. परत आलो तर ताईचं ताट तसंच. एक पोळी मोडलेली, भाजीला हात नाही.

"काय झालं?" तिने विचारलं.

"पित्त. तू का जेवत नाहीस?"

"माझं झालं," ती म्हणाली आणि उठली. माझा संशय आणखी वाढला. काही लपवणारा माणूस जेवताना पकडला जातो, हा माझा अनुभव आहे. त्या टेबलावर पकडण्याजोगी माणसं दोन होती, हे मात्र तेव्हा ध्यानात आलं नाही.

सोलापुरात शिरेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. स्टेशनजवळच्या लॉजवर सामान टाकलं आणि संध्याकाळी जवळच्याच एका खानावळीत गेलो. वाढपी तोंडात बडीशेप चघळत आला.

"मऊ काय आहे?" मी विचारलं.

"मऊ भात हाय की. पन भात कशाला? कडक भाकरी घ्या."

कडक भाकरी (पापडासारखी पातळ थापून, भाजून, मग पार वाळवलेली भाकरी, महिनोन्‌महिने टिकते) मी लहानपणी पाहिली होती. माझी खात्री झाली की याला जुना माल माझ्या गळ्यात मारायचाय.

"कडक नको. चावायला त्रास होतो."

त्याने वाकून सरळ माझ्या तोंडात पाहिलं. "दात तर हायत की सगळं," म्हणाला आणि निघून गेला. थोड्या वेळाने कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही माझ्यापुढे आदळलं.

भांडायचं त्राण नव्हतं. मी भाकरीचा कपच्याएवढा तुकडा तोडला, चटणी लावली, दह्यात टेकवला आणि चावत बसलो. कुरकुर करत त्याचं तोंडातच पीठ झालं. गिळलं आणि मुठीची वाट बघत बसलो. काही झालं नाही. दुसरा तुकडा. काही नाही. पाव भाकरी पोटात गेली तरी छाती मोकळी. मला फसवणूक वाटत राहिली, कारण जे मऊ ते सोपं आणि जे कडक ते अवघड असंच आपण धरून चालतो. पुढे डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, ताज्या पोळीचा आत लगदा होऊन पट्ट्यापाशी बूच बसतं, कोरडं आणि नीट चावलेलं खाली सरकतं. त्या संध्याकाळी मला यातलं काही माहीत नव्हतं. एवढंच कळलं की ऑपरेशननंतर पहिल्यांदा मी न घाबरता जेवलो होतो, आणि मला इतका आनंद झाला की मी वाढप्याला उगाच "छान आहे हो" म्हणालो. त्याने तोंड वाकडं केलं. ताईने भाताची दोन शितं चिवडली आणि माझ्याकडे बघत राहिली.

सकाळी अक्कलकोटच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना निसवलेली ज्वारी, मध्ये तुरीचे पट्टे. मुलाचं गाव मुख्य रस्त्यापासून थोडं आत होतं. पुढे अडतीचं दुकान, मागे स्लॅबचं घर, दारात तुरीची पोती. मुलाचे वडील मल्लिनाथ हे आडव्या अंगाचे, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. "या की, या की पावनं!" करत त्यांनी गाडीचं दार स्वतः उघडलं. मुलाची आई महादेवीबाई पाय धुवायला पाणी घेऊन उभ्या. आत खाटेवर मल्लिनाथांचे वडील, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, कपाळभर विभूती लावून बसलेले. वीरेशला सुट्टी मिळाली नव्हती. मी तेही मनात टिपून ठेवलं.

चहा झाला. मग प्रश्न सुरू झाले.

"संध्याकाळचं काय करता पावनं?"

"फिरायला जातो."

"एकटंच? का दोस्त हायत?" आणि थोड्या वेळाने, "रातच्याला झोप लागती का नीट?" मग, "अंग लई उतरलंय जनू. पैल्या फोटोत भरल्यावानी दिसत होता."

प्रत्येक उत्तरानंतर मल्लिनाथ आप्पांकडे बघून कानडीत काहीतरी पुटपुटत आणि आप्पा माझ्या हातांकडे बघत. मी बेचैन झालो. थेट मुद्द्याला न भिडता कडेकडेने विचारत जायचं, ही तर माझी पद्धत. ज्याच्या मनात काही नाही तो असं विचारत नाही. मुलात काही खोट असेल आणि आधी आमचीच खोट शोधून ठेवायची असेल, असा मी तर्क केला. मग ताईकडे पाहिलं. ती खाली मान घालून पदराशी चाळा करत होती.

"ऊटा माडरी (चला, जेवा)," महादेवीबाई म्हणाल्या.

पंगत मांडली. आप्पा, मल्लिनाथ, मी आणि ताई. ताटं आली आणि माझा जीव अर्धा झाला. भरली वांगी, शेंगाचटणी, आमटी, भाताचा डोंगर, तुपाने निथळणारी शेंगापोळी, आणि बाजूला दह्याची वाटी. त्यातल्या त्यात दिलासा म्हणजे कडक भाकरी होती. आप्पांनी डोळे मिटून दोन शब्द म्हटले आणि मला म्हणाले, "आमच्यात ताटात टाकत न्हाईत. परसाद हाय ह्यो. शेवटी ताट धुऊन ते पानीबी पितो आमी. आन् समद्यांचं झाल्याबिगर पंगत उठत न्हाय."

म्हणजे कमी खाल्लं तर नकार, टाकलं तर प्रसादाचा अपमान, आणि खाल्लं तर मोरी. मी दह्यात टेकवून भाकरीचे कपचे चघळायला लागलो. जमत होतं. असंच तासभर बसलो असतो तर निदान एक भाकरी तरी संपवली असती. पण महादेवीबाईंचा जीव कळवळला.

"कोरडंच खायला लागलेत बघा पावनं! दाताचा त्रास हाय जनू." एवढं म्हणून त्यांनी माझ्या ताटातली भाकरी आपल्या हाताने चुरली आणि वर पळीभर आमटी ओतली. "घ्या. आता मऊ व्हईल."

तिकडे कडक भाकरी अशीच खातात, आमटीत चुरून. त्यांच्या परीने त्यांनी मला जपलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी तो लगदा उचलला आणि दोन घास घाईने गिळले. मूठ आवळली ती अशी की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तोंड लाळेने भरलं. बोलताही येईना. मी पंगतीतून उठलो आणि मागच्या दाराने धावलो.

मोरीवर वाकून फेस थुंकत असताना मागे पावलं वाजली. मल्लिनाथ उभे होते. आवाज आता मोठा नव्हता.

"पावनं, खरं सांगा. किती पिता?"

मला आधी कळेचना. "काय पितो?"

"आमाला समजत न्हाय का? माजा थोरला भाऊ असाच वाळला. जेवायला बसला की दोन घास, का लगीच मोरीकडं. जेवताना पानी न्हाय, अंगावर कापडं लोंबत्यात. दीड वरीसबी काडलं न्हाय त्यानं." त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्याचा त्यांना रागही आला होता. "पोरगी सोन्यावानी हाय. पन ज्या घरात मामाच असला, तितं सोयरीक न्हाय करायची आमाला. भावजयीला बघतोय की मी रोज."

मी सकाळपासून यांची खोट शोधत होतो आणि हा माणूस माझ्यात आपला मेलेला भाऊ बघत होता. पित्त आहे म्हणायचं जिभेवर आलं होतं. पण अशा वेळी पित्त म्हणणारे मी नोकरीत शेकड्याने पाहिले होते आणि एकाचंही खरं मानलं नव्हतं. रेणूचा चेहरा डोळ्यांपुढे आला. मी सदरा वर केला.

"हे बघा. ऑपरेशनचे व्रण आहेत. आणि इथे हात लावा."

त्यांनी चाचरत अंगठा टेकवला. कातडीखाली एक गोटी लागते. तिच्यातून सुईने पाणी भरून पट्टा कमी-जास्त आवळतात. मी सगळं सांगितलं. वजन, पट्टा, मूठ, सगळं. दारूचा थेंबही घेत नाही हेही सांगितलं. मल्लिनाथांनी पुन्हा अंगठ्याने दाबून पाहिलं.

"आन् ह्यो पट्टा सैल करता येतो?"

"येतो."

"मग आमच्याकडं येताना तेवडा सैल करून यायचा का न्हाय हो!"

आणि ते हसायला लागले. मी सदरा खाली घेताना पाहिलं, तर मागच्या दाराच्या चौकटीला धरून ताई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती पाठ फिरवून आत गेली. चिडली असणार, असं मला वाटलं.

मल्लिनाथांनी आत जाऊन कानडीत सांगितलं. हशा पिकला. मला तो माझ्यावरचा वाटला आणि होताही. पण आप्पा हसत नव्हते. ते वाळल्या हाताने ताटापुढे तसेच बसले होते.

"बसा," ते म्हणाले. "पंगत उठली न्हाय अजून."

मी माझ्या ताटाकडे पाहिलं. आप्पांनी हात लांब करून माझी शेंगापोळी उचलली आणि आपल्या ताटात घेतली. मल्लिनाथांनी भात आणि वांगी ओढून घेतली. महादेवीबाई ओशाळून आमटीतला लगदा काढून घेऊन गेल्या, "गाईला घालते, वाया न्हाय जात," म्हणाल्या, आणि कोरड्या भाकरीचा एक चतकोर ठेवून गेल्या. ताटात चतकोर, चटणी आणि दही उरलं. मी खायला लागलो. कपचा तोडायचा, चावायचा, थांबायचं. माझ्यासाठी तीन माणसं हात वाळवत बसली होती आणि कोणी घाई करत नव्हतं. मल्लिनाथ तुरीचे भाव सांगत होते. दोनदा मला वाटलं की हे मुद्दाम किती वेळ लागतो ते बघतायत. तिसऱ्यांदा वाटलं नाही.

शेवटी आप्पांनी ताटात पाणी घातलं, बोटांनी ताट धुतलं आणि पाणी पिऊन टाकलं. मी अर्ध्या तासाचा नियम सांगितला. आप्पांनी विचार केला, माझ्या ताटात पाणी घालायला लावलं आणि वर दुसरं ताट झाकून ठेवलं. "ऱ्हाऊ दे. टाइम झाला की प्या. आमी कुटं जातोय?"

निघताना मी ते पाणी प्यालो. चटणीचा तिखटपणा त्याला लागला होता. मल्लिनाथांनी मला मिठी मारली आणि महादेवीबाईंनी ताईची ओटी भरली. सोयरीक झाली.

परतीच्या वाटेवर ताई खिडकीकडे तोंड करून बसली. सोलापूर मागे पडलं, चिंचोळीचे कारखाने गेले. आता हिचा राग सोसायचा, म्हणून मी मनातल्या मनात उत्तरं जुळवत होतो. मोहोळ जवळ आलं तेव्हा ती म्हणाली, "गाडी बाजूला घे."

मी घेतली.

"विजू, मला वाटलं तुला कॅन्सर झालाय."

मी गाडी बंद केली.

"दर भेटीला निम्मा झालेला दिसायचास. जेवायला बसलास की उठून जायचास. वहिनीला विचारलं तर ती नजर चुकवायची. म्हैसूरला म्हणे गेला होतास! मला वाटलं, हे लोक मला सांगत नाहीयेत. काल त्या ढाब्यामागे तू वाकला होतास, खिडकीतून दिसत होतं मला." तिचा आवाज फुटला. "तुझ्या डोळ्यांदेखत रेणूचं व्हावं म्हणून मी महिन्याभरात उरकायला निघाले होते. दारात मांडव घालून."

मी "ताई" एवढंच म्हणालो. तिने माझ्या दंडावर एक जोरात फटका मारला, मग दुसरा, आणि पदराने तोंड झाकून रडली. उसाच्या ट्रॉल्या शेजारून जात होत्या. मीही रडलो. कालपासून ही बाई माझ्या मरणाच्या भीतीने उपाशी राहत होती आणि मी तिच्याच घाईचा संशय घेत होतो. मला माझी भयंकर लाज वाटली.

थोड्या वेळाने तिने नाक पुसलं.

"मला भूक लागलीय," ती म्हणाली. "दोन दिवस नीट जेवले नाही मी."

मोहोळच्या स्टँडजवळ एक साधं हॉटेल होतं. तिने पोळ्या मागवल्या, पिठलं, ठेचा, वर कांदा. मी समोर नुसता बसलो. ती मोठमोठे घास घेत होती, लहानपणी घ्यायची तसे, आणि मध्येच माझ्याकडे बघून मान हलवत होती. पिठलं संपल्यावर तिने पुन्हा मागवलं. वाढप्याने माझ्यापुढेही ताट ठेवलं, ते तिने स्वतःकडे ओढून घेतलं.

"रेणूचं लग्न आता उन्हाळ्यात करू," ती भरल्या तोंडाने म्हणाली. "मोठं कार्यालय घेऊन. घाई कशाची आहे?"